तिसऱ्या असेसरचे मत

मी, भगवंतराव गणपतराव मोहोड, वय वर्षे सदुसष्ट, धंदा शेती, राहणार वलगाव, तालुका व जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोळ्यांना कमी दिसते, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. या घरात तेवढी हिंमत कोणाची नव्हतीच.

कलम १. राहते घर, म्हैस व भांडीकुंडी माझी पत्नी पार्वताबाई हिची. तिला कोणी ऊठ म्हणू नये.

कलम २. गावालगतची अकरा एकर जमीन मुलगा बळवंत याला. तो अकोल्यास वकिली करतो, म्हणूनच हा कागद त्याला आधी दाखविला नाही. दाखविला असता तर त्यात माझे एकही वाक्य उरले नसते.

कलम ३. तिफण, वखर व बैलजोडी नत्थुजीला. त्याने एकोणीस वर्षे माझी शेती केली आणि माझ्या शिव्या खाल्ल्या. चुलतभाऊ किसन याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. धुऱ्याचा बांध कोरून कोरून त्याने माझ्या शेताची दोन तासे गिळली, तेवढे पुरे.

कलम ४. पेटीत माझ्या सव्वीस वह्या आहेत. त्या कशाच्या, हे सांगणे भाग आहे.

सन १९१२ साली सेशन कोर्टात मला असेसर नेमले होते. असेसरने खटला ऐकायचा आणि शेवटी जज्जसाहेबाला आपले मत सांगायचे. आरोपी देवीदास खोडके, नांदगाव खंडेश्वरकडचा. विहिरीच्या पाण्यावरून साडूला मारल्याचा आरोप. आम्ही तिघे असेसर. दोघे म्हणाले, निर्दोष. मला विचारले, "तुमचे मत?" मी म्हणालो, "दोषी." विचार करण्याआधीच शब्द तोंडातून गेला. असेसरचे मत साहेबावर बंधनकारक नसते, असे पुष्कळ वकिलांनी मला नंतर सांगितले. पण साहेबाने माझेच मत धरले. देवीदासाला फाशी झाली. मागे बायको आणि तीन वर्षांची मुलगी शकुन राहिली.

देवीदासाविषयी माझ्या मनात आकस होता, हे नाकारत नाही. त्याआधी तीन वर्षे, अमरावतीच्या कापूसबाजारात, त्याने माझ्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळचा, वजनासाठी ओला केलेला कापूस काढून चारचौघांत दाखविला. "पाटील, कापसाले घाम आला वाटते!" सारा बाजार हसला. कोर्टात हे मला कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

मग मी त्या आकसापोटी बोललो की खरेच तसे वाटले म्हणून? एका कीर्तनकाराने सांगितले होते, रोज सकाळी मनाचा झाडा घ्यावा. घेतला. सव्वीस वर्षे ओट्यावर बसून घेतला. एका वहीत सापडते, साक्षीदार पटले म्हणून बोललो. दुसरीत, पोट दुखत होते, घरी जायची घाई होती. तिसरीत, देवीदासाने मान खाली घातली म्हणून. प्रत्येक कारण त्या त्या सकाळी सोळा आणे खरे वाटले. आणि प्रत्येक सकाळी, देवाशपथ, नाकात ओल्या कापसाचा वास आला. अजून येतो.

गेल्या सालच्या दिवाळीत शकुन आली. विधवा, लोकांच्या शेतात निंदण करते. म्हणाली, "काका, मले काई नको. माह्या बापाले तुमी खरंच दोषी समजत होते का, एवढंच सांगा." आठ दिवसांत सांगतो म्हटले. वर्ष झाले. मला भीती वाटते, उत्तर देण्याआधी मीच मरेन.

कलम ५. सर्व वह्या पुन्हा वाचून माझा निष्कर्ष असा की, मी प्रामाणिकपणे बोललो. शकुनला तसे कळवावे आणि दया म्हणून दरसाल एक लुगडे व एक पोते ज्वारी द्यावी.

कलम ६. काल इथवर लिहून पार्वताबाईला वाचून दाखविले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कायचं प्रामाणिक? देवीदासाच्या खटल्याचं समन्स आलं त्याच दिवशी तुमी जोडे घालता घालता म्हणाले होते, 'आता बसवतो त्याले, लई हात घालत होता लोकाइच्या गाडीत.'"

मला हे आठवत नाही. काल रात्रभर शोधले. एकाही वहीत नाही. पण ती खोटे बोलत नाही.

मी ओरडलो, "सव्वीस वर्षं गप्प कावून बसली?"

"तुमी सोताले पुसत होते. मले कवा पुसलं?"

सबब कलम ५ रद्द समजावे. माझ्या विहिरीकाठची चार एकर काळी जमीन शकुनच्या नावे करावी. हे दान नव्हे, बळवंतने तो शब्द कागदावर आणू नये. तिला असे सांगावे: नाही, बाई. साक्षीचा एक शब्द ऐकण्याआधीच मी ठरवून गेलो होतो. तुझ्या बापाने मारले की नाही, हे मला आजही माहीत नाही.

वह्या जाळाव्यात.

वलगाव, तारीख ९ नोव्हेंबर १९३८.

सह्या होण्यापूर्वी वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला. तेव्हा पार्वताबाईने हरकत घेतली की कलम ६ मध्ये तिचे एक वाक्य मी लिहिलेच नाही. ते वाक्य तिने काल सांगितले होते, असे ती म्हणते. ते येथे जोडले: "आन् असं म्हणून तुमी हासले होते."

भगवंतराव गणपतराव मोहोड, सही
साक्षीदार: नत्थुजी सखाराम भुयार, सही
साक्षीदार: मोरोपंत गोविंद जोशी, शाळामास्तर, सही
जोडलेले वाक्य बरोबर आहे म्हणून: पार्वताबाई, निशाणी डावा अंगठा