हे जहाजावर चढेनात

रत्नागिरी,
९ डिसेंबर

प्रिय गंगा,

पोस्टमन पाकीट घेऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला की आप्पांना वाटेल कसली तरी नोटीस आली. त्यांना सांग, नोटीस नाही, उल्काचं पत्र आहे. टेलिफोनच्या नोकरीत जन्म काढलेल्या बाईने पत्र लिहायचं म्हणजे विचित्रच, पण काही गोष्टी फोनवर सांगायला घेतल्या की मी हवापाण्यावर जाते आणि मग तू कोकमाचा भाव सांगतेस नि फोन संपतो. म्हणून लिहायला बसले आहे. हे खाली बागेत पाइप घेऊन कलमांना पाणी घालतायत, तेव्हा निवांत तासभर तरी आहे.

तर आमचा जहाजाचा प्रवास. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकाने, अजिंक्यने, तिकिटं काढून दिली. मुंबईहून कोची आणि कोचीहून परत मुंबई. मला आनंद झाला आणि ह्यांना झाली काळजी. मोबाईलवर कुठूनसे व्हिडिओ यायला लागले. परदेशातल्या कुठल्या बंदरात जहाज सुटतंय, आणि धक्क्यावरून नवरा-बायको पिशव्या सांभाळत धावतायत, आणि वरचे प्रवासी टाळ्या पिटतायत. हे रोज सकाळी चहाबरोबर असले दोन-तीन व्हिडिओ बघायचे आणि "बघ, बघ, वेळेची किंमत नाही लोकांना" असं मला सुनवायचे, जशी काही मीच त्यात धावत होते.

तुला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. बत्तीस वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक. घड्याळाचा काटा वेळेवर आला की गाडी सुटली पाहिजे, मग कोण का राहीना. माझे वडील एकदा कोल्हापूरच्या गाडीतून उतरून स्टँडसमोर उसाचा रस प्यायला गेले होते. जावई स्टँडवर आहे म्हणून निश्चिंत होते बिचारे. रसाचा ग्लास अर्धा असताना जावयाने गाडी सोडली, आत त्यांची बॅग आणि छत्री. मालगुंडच्या गाडीची माझी स्वतःचीच गोष्ट तर तुला पाठ आहे. गजरा घेऊन वळले तर गाडी पुलाच्या दिशेला आणि हे माईकवर पुढच्या गाडीची घोषणा करतायत. घरी आल्यावर म्हणाले, "तुझ्यासाठी थांबवली असती तर बाकीच्यांना काय तोंड दाखवलं असतं?"

असा माणूस जहाजावर निघाला. महिनाभर आधी तालीम सुरू. भाट्याच्या पुळणीत मला नेऊन उभं केलं, हातात घड्याळ घेतलं आणि म्हणाले, चल पुलापर्यंत, भरभर. ओल्या वाळूत चपला रुततायत, साडीचा काठ भिजतोय, ओळखीच्या बायका विचारतायत, "काय गो उल्का, डॉक्टरने सांगितलंय काय?" मी म्हटलं, हो, डॉक्टरनेच. दुसरं काय सांगणार? माझ्या नावाची एक चिठ्ठीही केली होती. नाव, खोलीचा नंबर, जहाजाचं नाव, बंदरातल्या एजंटचा फोन, सगळं प्लॅस्टिकमध्ये घालून माझ्या पदराला आतून सेफ्टी पिनने लावलं. जत्रेत पोरांच्या गळ्यात अडकवतात ना, तसं. सहासष्टाव्या वर्षी.

जहाज मात्र खरंच सुंदर होतं गो. चौदा मजले, आत जिने, आरसे, गालिचे. जेवायला इतके पदार्थ की मी पहिल्या दिवशी नुसती ताट घेऊन हिंडले आणि शेवटी दहीभात घेतला. हे मात्र कशात नव्हते. सकाळी उठले की रिसेप्शनवरच्या मुलीला विचारायचे, "जहाजाची वेळ काय?" ती हसून सांगायची. हे म्हणायचे, "आपल्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते, सावध राहिलेलं बरं." आपला देश सोडून कुठे गेलो नव्हतो तरी. तिसऱ्या दिवशी ती मुलगी ह्यांना लांबून बघूनच घड्याळ दाखवायला लागली.

कोचीला सकाळी लागलो. सगळ्यांनी साडेपाचपर्यंत परत यायचं, सहाला जहाज सुटणार. ह्यांनी आमच्यापुरते साडेतीन ठरवले. दोघांचे फोन स्वतःच्या गळ्यातल्या पिशवीत घातले, कारण माझ्याकडे राहिला तर मी फोटो काढत बसेन आणि उशीर होईल. डोक्यावर आंबा महोत्सवात फुकट मिळालेली ती भडक केशरी टोपी, गर्दीत एकमेकांना दिसावं म्हणून. मासे पकडायची ती चिनी जाळी बघितली, म्हणजे मी बघितली. हे पाण्याकडे पाठ करून रिक्षावाल्यावर लक्ष ठेवून होते, तो पळून जाईल म्हणून. एका कोळणीकडे करली इतकी ताजी होती की मी नुसता भाव विचारला, तर म्हणाले, "जहाजावर कुठे तळणार आहेस?" एवढं एकच वाक्य शहरात ते घड्याळाशिवाय बोलले.

सव्वातीनला आम्ही बंदराच्या फाटकाशी परत. बाकीचे प्रवासी अजून शहरात मजा करतायत आणि आम्ही दोघं सिमेंटच्या कट्ट्यावर, हातात रिकाम्या पाण्याच्या बाटल्या. समोर रस्त्यापलीकडे केळ्याच्या वेफर्सचं दुकान होतं, गरम तेलाचा वास येत होता. मी म्हटलं, आणू का? हे म्हणाले, "पावणेचारला जहाजाची बस आहे. एक मिनिट पुढे नाही."

आता गंगे, खरं सांगते, मी पावणेचारलाच येणार होते. पण दुकानातली बाई वेफर्स कढईतून काढत होती, तिने खूण करून बसवलं, चहा दिला, मुलीच्या लग्नाचा अल्बम दाखवला. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही, तरी आम्ही दोघींनी मिळून तिच्या विहीणबाईला नावं ठेवली. बाहेर पडून भिंतीवरचं घड्याळ बघते तर साडेचार. रस्त्याच्या ह्या बाजूलाच जहाजाची बस उभी होती, पलीकडचा कट्टा तिच्याआड झाकलेला. ड्रायव्हर म्हणाला, "शिप? शिप?" आणि मी चढले. मला वाटलं फाटकाशी थांबेल. ती दुसऱ्याच फाटकातून थेट जहाजाच्या जिन्याशी गेली. कार्ड लावलं, टिंग वाजलं, मी आत.

तू विचारशील, नवऱ्याला शोधलं नाहीस? कशाला शोधू? पाऊण तास उशीर झाला होता. ज्याने सासऱ्यासाठी गाडी थांबवली नाही, तो बायकोसाठी कट्ट्यावर बसून राहील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मला खात्री होती की पावणेचार वाजून एका मिनिटाने हे वर गेले असणार आणि आता खोलीत बोलणी तयार करत बसले असणार. म्हणून मी खोलीकडे गेलेच नाही. थेट दहाव्या मजल्यावर गेले, कांद्याची भजी घेतली, चहा घेतला आणि कठड्याशी उभी राहिले. म्हटलं, बोलणी खायचीच आहेत, ती भरल्या पोटी खाऊ.

पावणेसहा झाले असतील. खाली धक्क्यावर काहीतरी गडबड दिसली. लोक कठड्याशी जमले. जिन्याच्या तोंडाशी एक माणूस जहाजाच्या अधिकाऱ्यांशी हुज्जत घालत होता. शेजारच्या नाशिकच्या बाई म्हणाल्या, "कुणाचं तरी माणूस राहिलंय वाटतं." मी भजी खात म्हटलं, "कसली बेजबाबदार माणसं असतात हो! आमचे हे असते तर ठेवून गेले असते." आणि मग मला ती केशरी टोपी दिसली.

गंगे, हातातली बशी तशीच घेऊन मी धावले. लिफ्ट भरलेली, मग जिन्याने दहा मजले. मध्येच भोंग्यावर "मिसेस उल्का शेट्टी" असं दोनदा ऐकू आलं. आम्ही शेट्ये, पण भांडायला वेळ नव्हता. खाली दाराशी पोचले तर ह्यांचा आवाज कानावर आला. तो गोरापान अधिकारी समजावत होता की कॉम्प्युटरमध्ये मॅडम आत आल्याची नोंद आहे. हे म्हणत होते, "कार्ड आत आलं असेल, बाई नाही आली. मी बत्तीस साल नोंदी देखी है साहेब, मुझे मत सिखाओ." अधिकारी म्हणाला, तुम्ही तर वर चला, नाहीतर तुम्हीही राहाल. आणि हे, आमचे हे, हात जोडून म्हणाले, "दस मिनिट रुको ना साहेब. दसच मिनिट. बायको है मेरी. घड्याळ में थोडी कच्ची है, लेकिन आएगी. उसको छोड के मैं नहीं चढूंगा."

मी दारातूनच ओरडले, "अहो!" त्यांनी वर बघितलं. चेहरा पांढरा पडलेला, टोपी वाकडी. माझ्या हातातल्या भज्यांकडे बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "वाजले किती?" त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं गो! वर चौदा मजले लोक टाळ्या वाजवत होते. हे जिना चढून आले आणि माझ्या बशीतलं शेवटचं भजं उचलून खाल्लं.

जेवताना ह्यांनी सगळं सांगितलं. पाऊण तास कट्ट्यावर घड्याळ बघत बसले होते, आणि मग तासभर फाटकापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घातल्या होत्या. त्या बाईने खुणेने सांगितलं की मी गेले, पण कुठे गेले हे ह्यांना कळेना. मी विचारलं, "तुम्ही चढला का नाहीत? एवढे नियम केलेत, तालमी केल्यात, आणि शेवटी तुम्हीच राहिला असतात." त्यांनी पापडाचे चार तुकडे केले. मग म्हणाले, "गाडी सोडायची ती ड्युटी होती. तू काय ड्युटी आहेस?"

चाळीस वर्षांत हा माणूस मला असं काही बोलला नव्हता. कुणीही बाई खूश झाली असती. मीही झाले. पण गंगे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी कठड्याशी उभी होते, आणि मला रडू यायला लागलं ते थांबेना. ह्यांना सांगितलं, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय. आता तुला खरं सांगते. एवढं पानामागून पान हसत लिहिलं, कारण हे लिहायला हात उचलत नव्हता.

एकोणऐंशी सालचा एप्रिल. टेलिफोनच्या मुलाखतीसाठी आपल्या दोघींना मुंबईचं बोलावणं आलं होतं. माझा मामा त्याच बोटीने जाणार होता म्हणूनच तुझ्या वडिलांनी तुला परवानगी दिली होती, एसटीने एकटीला पाठवणार नाही म्हणाले होते. बोट लांब पाण्यात उभी होती, तिच्यापर्यंत पडावातून, त्या छोट्या होडीतून, जायचं होतं. मामा पहिल्या पडावातून पुढे गेला, मी तुझ्यासाठी मागे राहिले. शेवटचा पडाव सोडताना तांडेलाने मला विचारलं, "आणखी कोण यायचं आहे काय?" मी "नाही" म्हटलं. मी तुला गेली सेहेचाळीस वर्षं सांगत आले की तू दिसलीच नाहीस. गंगे, तू दिसत होतीस. वरच्या उतारावर होतीस, निळं परकर-पोलकं, कडेवर पिशवी. दोन मिनिटांत खाली पोचली असतीस. पण तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता, इंग्रजी चांगलं होतं, आणि मला वाटलं, तू आलीस तर मला घेणार नाहीत. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी बावीस मुली घेतल्या. आपण दोघी सहज बसलो असतो.

त्या वर्षी गणपतीला मी घरी आले तर तू फणसपोळी घेऊन आलीस आणि माझीच माफी मागितलीस, "माझ्या उशिरामुळे तुला एकटीला राहायला लागलं." आणि मी ती फणसपोळी खाल्ली. लग्न होऊन तुझं पालीत वाईट झालं असं मी म्हणत नाही. आप्पा चांगले आहेत, दुकान तू उभं केलंस, गावातला एक कार्यक्रम तुझ्याशिवाय माईकवर होत नाही. पण ते तू निवडलं नव्हतंस. तुझ्यासाठी ते मी निवडलं, एका शब्दात, आणि वर तुला वाटू दिलं की चूक तुझी होती. निदान तेवढं तरी तुझ्या डोक्यावरून उतरावं म्हणून हे पत्र. त्या दिवशी तुला उशीर झाला नव्हता गंगे. "माफ कर" असं चारदा लिहिलं आणि खोडलं, ते मागायचा हक्क मला आहे का, कळत नाही. रविवारी मी पालीला येते, एकटीच. मला बसायला सांगू नकोस, आधी जे बोलायचं ते बोलून घे, कितीही वेळ लागू दे. आणि येऊच नकोस असं वाटलं, तर फोन करून तसं सांग. कुणाकडून निरोप पाठवू नकोस. तुझ्या तोंडून ऐकायची माझी तयारी आहे.

तुझीच, असं अजून लिहू देशील तर,
उल्का