बावीस इंच की तेवीस

३ तारीख, सोमवार
बायको भावाकडे गेली त्याला आज नऊ दिवस. भांडण झालं नाही. ती कॉम्प्युटरवर कपड्यांचे नमुने आखते. दहा इंची बाही स्क्रीनवरही दहा इंचच दिसायला हवी, तेवढं सेट करून द्या, असं आठ महिने म्हणत होती. मी उद्या म्हणत होतो. जाताना म्हणाली, झालं की फोन करा, मग बघू. म्हणजे एका दुपारचं काम. गुरुवारी ती घरी.

४, सकाळी ११
प्रोग्रॅमने स्क्रीनचा आकार विचारला. खोक्यावर बावीस इंच छापलंय. छापलेलं मानणारा मी नव्हे. तिच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून कोपरा ते कोपरा मोजलं. तेवीस! कंपनीने एक इंच फुकट दिला आणि कोणाला पत्ता नाही. तेवीस टाकलं. टेबलही हललं नाही. पूर्वी डगमगायचं, मीच पायाखाली काहीतरी घातलं होतं. माझी कामं टिकतात.

५
दहाची बाही टेपवर साडेदहा. आकार आणखी वाढवला. बाही जमली, पण पाचाचा गळा साडेपाच. दोष रिझोल्यूशनचा.

६, गुरुवार
होती नव्हती तेवढी रिझोल्यूशनं लावून पाहिली. एकात अक्षरं मुंगीएवढी, एकात सगळं चपटं. गळा जमला की बाही बोंबलते. आज ती येणार होती. म्हणजे मी ठरवलं होतं. दूध उतू गेलं. पुसलं. काही वाटलं नाही.

९
फोन केला. झालंच आहे म्हणालो. स्क्रीन तेवीस इंची निघाली तेही सांगितलं. तिने विचारलं, मोजली कशाने? तुझ्याच टेपने, म्हणालो. मग म्हणाली, अहो, ती टेप एकापासून सुरू होते. पहिला इंच तुम्हीच कापलात, टेबलाच्या पायाखाली घालायला. सहा वर्षं मी एक वजा करून शिवत होते. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिथे भाचीने तिच्या कॉम्प्युटरची स्क्रीन दोन मिनिटांत लावून दिली म्हणे. शनिवारी टेम्पो येईल, शिलाई मशीन तेवढं चढवून द्या.

१०
वाकून पाहिलं. इंच जागेवर आहे.

१५, शनिवार
मशीन चढवलं. टेपही द्यायची का विचारलं, तर टेम्पोवाला म्हणाला, बाईंनी नवी घेतलीय.

दुपारी ३
बावीस टाकलं. एक वजा करून मोजलं. बाही दहा, गळा पाच. तंतोतंत! लगेच तिला फोन लावला. उचलला नाही. मशीन उतरवून घेत असेल.