पाटावर ठेवलेला शेअर

आप्पा, तुम्ही गेल्यावर आपला मूर्तींचा कारखाना बंद पडेल असं तुम्हाला वाटायचं ना, तो चालू आहे. मी रोह्याच्या कंपनीत पहिली शिफ्ट करतो आणि दुपारी हमरापूरला येऊन रंगाला बसतो. काका अजून साचे भरतात, अजून तेवढेच तिरसट आहेत. डोळ्यांची आखणी आता शेजारची ताई करते, हात तुमच्यासारखाच ठाम. तिचा नवरा गेला. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून तिने पोटाला चिमटा काढून पैसा जमवला होता. तो सगळा एका दीड रुपयाच्या शेअरमध्ये अडकलाय, आणि तिला तिथे मी नेलं.

शेअर मला कंपनीच्या कँटीनमध्ये कळला. सौरपंप बनवणारी कुठलीशी कंपनी, पन्नासला जाणार म्हणत होते. मी थोडे घेतले, भाव चढला, आणि कारखान्यात मी एकदम शहाणा ठरलो. बघताबघता सगळ्यांनी घेतले. मग रोज तेच भांडण. काका विचारायचे, "अरे, ती कंपनी कोणी डोळ्यांनी बघलीय काय?" रंगारी म्हणायचा, "काका, तुमी मोबाईलला पण खूळ म्हणत व्हतात. आता त्याच्यात बघता बघता जेवण थंड होतंय तुमचं." ताई ब्रश न थांबवता हसायची. "गणपती तरी कोणी बघलाय, काका? तरी करतोच ना आपण." त्यावर काका उसळायचे, "अगो, गणपती तुझे पैसे घेऊन पळत नाय!"

मी कॉलेजात असताना खांब गावच्या एका घराने मूर्ती सांगून त्यांचा पाट आपल्याकडे आणून ठेवला होता. त्या पाटावरची मूर्ती मी जास्त पैसे देणाऱ्या मुंबईकराला देऊन टाकली. तुम्ही मला मारलं नाही. रात्रंदिवस खपून दुसरी मूर्ती केलीत, मला खांबला नेलंत आणि त्यांच्या अंगणात, बायाबापड्यांसमोर, मी काय केलं ते माझ्याच तोंडून वदवलंत. येताना एवढंच म्हणालात, "पाट ठेवला म्हणजे शब्द झाला. मग राजा आला तरी ती मूर्ती विकायची नाय." आणि मी अकलेचा कांदा, तुमचं हे बोलणं शेअरला लावलं! भाव सहावर गेला तेव्हा सगळ्यांना विकायची घाई झाली. मी एक कोरा पाट मांडला, त्यावर सगळ्यांचे मोबाईल आणि नारळ ठेवला. म्हटलं, पन्नास होईपर्यंत कोणी विकायचं नाही, एकाने विकलं की सगळ्यांचा भाव पडेल. काका सोडून सगळ्यांनी पाटाला हात लावला. दुसऱ्या गावची माणसं निदान घाबरून विकून मोकळी झाली असती. आपली माणसं शब्द धरून बसली.

आता रोज बाजार उघडतो आणि उघडताक्षणी भाव त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला चिकटतो. विकणाऱ्यांची ही रांग, घेणारा एकही नाही. कंपनीच्या पत्त्यावर म्हणे चपलांचं दुकान आहे. तरी रोज ताई विचारते, "दादा, वर येल ना?" मी म्हणतो, "येल गो, धीर धर." काका आता भांडतसुद्धा नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास होतो. मुलीच्या प्रवेशाची मुदत या महिन्यात संपतेय. परवा ताई म्हणाली, "तुमचे पण अडकलेत म्हणून बरं वाटतं हो. एकटी असते तर येडी झाली असते." उठून पळून जावंसं वाटलं. पण जाऊ कुठे? दुपार झाली की ती समोर बसलेलीच असते.

आप्पा, माझे अडकलेले नाहीत. कंपनी खोटी असल्याची कुजबुज कँटीनमध्ये कानावर आली त्याच दिवशी मी सगळे विकले. पैसे बँकेत आहेत. ताईला द्यावेत तर सगळं सांगावं लागेल, म्हणून देत नाही. लाज वाटते, पण देत नाही. हे पत्र कुठे पोचणारच नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकतो. त्या सकाळी मी विकायला बसलो तेव्हा घेणारे फार थोडे होते. मी ताईला फोन लावला आणि म्हटलं, भाव जरा उतरलाय, आणखी घेऊन ठेव. तिने लगेच घेतले. मला गिऱ्हाईक पाहिजे होतं.