आईला कळू द्यायचं नाही

६ जानेवारी
एका निरपराध नागरिकावर सकाळपासून अन्याय चालू आहे, त्याची इथे तरी नोंद व्हावी. मोबाइल उघडला की केसांचे टोप. लांब, आखूड, कुरळे, 'अगदी खरे वाटणारे'. माझ्या टकलाची कुणाला दया आली म्हणावं, तर टोप सगळे बायकांचे. चहा उकळेपर्यंत अख्खं दुकान पाहून झालं.

दुपारी हसू ओसरलं. बायकोच्या, सु.च्या आजाराबद्दल मी जगात एकाच ठिकाणी लिहिलंय, मोबाइलवर, रुग्णांच्या एका बंद गटात. 'केमोनंतर केस सगळेच जातात का?' एवढंच. बंद म्हणे. आमच्या गल्लीतलं किराणा दुकान बंदच्या दिवशीसुद्धा यापेक्षा नीट बंद असतं.

९ जानेवारी
सु.ला टोपांचं सांगितलं. हसली. मग नेहमीचं : "बाकी कुणालाही कळू द्या. आईला नको."

तिची थोरली बहीण याच रोगानं गेली. तेव्हा सासूबाईंनी अन्न टाकलं होतं, जगतात की नाही अशी वेळ आली. म्हणून सासुरवाडीला, पिंपळगावला आमचं ठरलेलं उत्तर : ॲसिडिटी आहे, पथ्य चालू आहे. आठवड्याला फोन, सु. आवाज चढवून बोलते आणि ठेवल्यावर आडवी होते.

संध्याकाळी मोबाइलवरच्या खात्यात रोजचा टोला लिहून टाकला, चौकातल्या साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकाबद्दल. लोक खूप हसले. बरं आहे लोकांचं.

१४ जानेवारी
संक्रांत. अकराच्या सुमारास दारात जीप. सासूबाई, सु.ची भावजय मंगल, भावकीतल्या पाच-सहा बाया. "तिळगूळ द्यायला आलोत, सहज."

सहज. पण हातात केळी आणि बिस्किटांचे पुडे. तिळगूळ कुणाच्याच हातात नाही. केळी-बिस्किटं घेऊन आपल्याकडे माणूस एकाच कामाला जातो. सु.च्याही ते ध्यानात आलं असणार. तिने पावडर लावली, नवी साडी नेसून बसली आणि ॲसिडिटीवर बोलली, चांगलं अर्धा तास.

मंगलला स्वयंपाकघरात गाठलं. रडायलाच लागली. "दाजी, मोबाइलवरच आलं. 'तुमच्या ओळखीचे या गटात आहेत.' खाली तुमचा फोटो, वर त्या रोगाचं नाव, पुढं 'रुग्ण आणि घरचे'. मी येडी, मोठ्यानं वाचून बसले. आत्याबाई तिथंच तूर निवडून राह्यल्या व्हत्या."

"मग?"

"मंग काय. निवडतच राह्यल्या. सांजेला म्हणल्या, जीप सांग."

बाहेर आलो तर सासूबाई सु.ला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावताहेत. "किती कोरडं करून ठेवलंय गं." दोनदा हात फिरवला आणि मूठभर केस हातात. सु.ला पाठीमागचं दिसत नव्हतं. सासूबाईंनी मूठ मिटली, केस कमरेला खोचले आणि शेजारणीच्या म्हशीची गोष्ट पुढे चालू ठेवली. म्हैस व्यायली, रेडा झाला, असं काहीतरी.

निघताना जीपपाशी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. मला माहीत न्हाई असं वाटतंय ना तिला, वाटू द्या. तेवढं तरी तिच्या मनासारखं होऊ द्या."

मी हो म्हटलं.

१५ जानेवारी
मोबाइलवरचं खातं काढून टाकायला बसलो. 'का चाललात?' असं विचारतात. वेळ जातो, सूचना फार येतात, गोपनीयता. सासूबाई हा पर्याय नाही. गोपनीयतेवर टिचकी मारली.

मग तिथेच अडकलो. माझ्या प्रत्येक टोल्याखाली सु.ची एक ओळ असायची. ती आतल्या खोलीत, मी बाहेर, आणि मध्ये सगळं गाव वाचतंय. 'पुरे झालं, जेवायला या.' 'हे कालच सांगितलं होतं, तेव्हा नाही हसलात.' 'भाकरी गार.' वर्षानुवर्षांचं. तेही जाणार. प्रत उतरवून मिळते म्हणे. बायकोचं बोलणं आता त्यांच्याकडे अर्ज करून मागायचं.

सु. आतून : "काय करून राह्यलात एवढं?"

"काही नाही. सफाई."

दाबलं बटण. महिन्याच्या आत परत आलात तर सगळं जसंच्या तसं मिळेल, असं आलं. जसंच्या तसं. हे डॉक्टरसुद्धा म्हणत नाहीत.

२० जानेवारी
संभाजीनगरला जाऊन आलो. डॉक्टर फिल्म बराच वेळ उजेडाकडे धरून होते. पुढची तारीख दिली, बाकी स्पष्ट काही नाही. दोनदा सवयीनं मोबाइल काढला आणि नुसता धरून बसलो.

परत येताना बसमध्ये सु. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आईला शंका नाही ना आली?"

"बिलकुल नाही. म्हशीतच होत्या त्या."

"मला वाटलं, केळी बघून..."

"स्वस्त असतील."

बदनापूर मागे पडलं. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिला पटलं की तीही माझ्यासाठी पटल्यासारखं करतेय... विचारलं नाही.

घरी ओट्यावर शेजारच्या पठाणभाभींचे कप तसेच. संक्रांतीला एवढ्या माणसांना चहा करायला घाईत मागून आणले होते, राहूनच गेले. धुतले, पुसले. भांडं रिकामं परत करू नये असं सु. म्हणते, म्हणून एका कपात साखर भरली आणि देऊन आलो. भाभींनी बाकीचे कप बाजूला ठेवले. साखरेचा कप तेवढा दोन्ही हातांनी घेतला.