आईच्या खोलीचं दार फुगलं आहे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. छातीच्या डॉक्टरांनी काल मला आणि ताईला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, चौदा तारखेला आईला घरी सोडू, पण घरात धूळ अजिबात चालणार नाही, तिची फुफ्फुसं आता सहन करणार नाहीत. मी विचारलं, साधारण किती चालेल. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ताई त्यांना म्हणाली, हा सरकारी नोकरीत आहे.

अकरा दिवस हातात. तीन खोल्या, स्वयंपाकघर, पॅसेज. मी अग्निसुरक्षा खात्यात निरीक्षक आहे. सोळा वर्षं लोकांचे जिने आणि पॅसेज मोकळे करून घेतोय. स्वतःचं घर म्हणजे काय, हातचा मळ.

छातीत धडधडतंय. चहा जास्त झाला असणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंना सहज विचारलं, साफसफाईचं मोटिव्हेशन नसेल तर काय करतात. त्या म्हणाल्या, फक्त पाच मिनिटांचा टायमर लावा आणि एकदाची सुरुवात करा, पुढे हात आपोआप चालतो.

संध्याकाळी टायमर लावला. पहिली पाच मिनिटं कामांची यादी. दुसरी पाच मिनिटं यादी स्वच्छ अक्षरात. तिसऱ्या पाच मिनिटांत हॉस्पिटलचा फोन. पॅसेजमधल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून मग उचलला. नर्स विचारत होती, तुमच्या आईला उशी उंच लागते की सपाट. उंच, म्हटलं. नक्की माहीत नाही.

आज एवढं पुरे. टायमरचा आवाज ॲम्ब्युलन्ससारखा आहे, बदलायला हवा.

६ फेब्रुवारी, गुरुवार
क्रम ठरला. आधी पॅसेज, मग स्वयंपाकघर, हॉल, माझी खोली. आईची खोली शेवटी, कारण दार फुगलंय. काल हलकेच ढकलून पाहिलं. दमट हवेने लाकूड फुगतं. जोर केला तर बिजागरी जायची.

पॅसेजची मोजणी केली. नियमाने एक मीटर मोकळा हवा. आहे एकेचाळीस सेंटिमीटर. बाकी सात वर्षांची वर्तमानपत्रं, जुना पंखा, अहवालांची खोकी. आईला नेलं त्या सकाळी स्ट्रेचर इथे अडकलं, पण ते स्ट्रेचरच नको इतकं रुंद होतं. मी प्रसंगावधान राखून ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलावली होती, हेही इथे नोंदवून ठेवतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
सुट्टी. आज निकाल लावायचाच.

नवी पद्धत वाचली, टोपलीची. घरात फिरायचं, जागेवर नसलेली प्रत्येक वस्तू टोपलीत टाकायची, मग एकेक जागेवर ठेवायची. दमायला होत नाही म्हणे. हॉलच्या अर्ध्यातच टोपली भरली. जागेवर असलेली वस्तू एकच सापडली, भिंतीवरचं घड्याळ. बाजारात जाऊन आणखी चार टोपल्या आणल्या. त्याही भरल्या. मग लक्षात आलं की या वस्तूंना मुळात जागाच नाहीत.

पाचही टोपल्या तूर्त पॅसेजमध्ये. मोकळी रुंदी एकोणतीस सेंटिमीटर.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९
हॉलमध्ये उन्हाची तिरीप येते. आजवर कधी पाहिली नव्हती, या वेळी मी अंथरुणात असतो. त्या तिरपेत धूळ तरंगत होती. अमाप. खाली येतच नव्हती, नुसती फिरत होती. यातला एक कण आईच्या छातीत गेला तर. मी तोंडावर रुमाल धरून बसून राहिलो. जागचं हलवेना. हललो की आणखी उडत होती.

शेवटी पडदा ओढला. धूळ दिसेनाशी झाली. मात्र पडद्यातून बरीच खाली आली. अकरा शिंका. मलाही आईसारखंच काही झालं असावं का? दुपारभर नाडी मोजली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
एका कापड दुकानाचं इन्स्पेक्शन. मागचा दरवाजा खोक्यांनी बंद. मी दुकानदाराला सुनावलं, की धूर झाला तर माणूस बाहेर कसा पडेल, आपल्या माणसांचा विचार करा. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "साहेब, रोज ठरवतो. त्या खोक्यांकडे पाहिलं की हातच उचलत नाही." सात दिवसांची नोटीस लिहिली. सही वेडीवाकडी आली. नाश्ता केला नव्हता.

तिथून हॉस्पिटल. आईचा आवाज अगदी बारीक झालाय. विचारलं, घर कसं आहे. जवळजवळ झालं, म्हटलं. माझी खोली? चकाचक, म्हटलं. तिने माझं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "तू वेळेवर जेवतोस ना?"

ती खोकायला लागली तेव्हा मी पाणी आणायला बाहेर गेलो. पाणी तिच्या उशाशीच होतं, ते नंतर दिसलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अर्धा दिवस रजा. खास आईच्या खोलीसाठी. सोबत झाडू, बादली, फडकी, नवीन मास्क.

२.२० ते ३.०५ दारासमोर उभा होतो. घाईने बिघडतं, म्हणून आधी निरीक्षण. ३.०५ला आतून खोकला ऐकू आला. बादली लवंडली. नंतर कळलं, भिंतीपलीकडे शेजारच्या काकू खोकत होत्या. पण तोवर मी जिन्याच्या तळाशी पोचलो होतो, पायात चप्पल नव्हती.

पुन्हा वर येऊन बूट घातले आणि ऑफिसला जाऊन रजा रद्द करून घेतली. पॅसेज मात्र पुसला गेला. निदान ओला तरी झाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
ताई एक दिवस आधीच आली. मी तयारीत नव्हतो. पॅसेजमधून आडवी होऊन आत शिरली, काही बोलली नाही. हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, तरी बोलली नाही. मला लहानपणापासून तिच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याची भीती.

"आईची खोली?"
मी म्हटलं, दार फुगलंय, दमट हवेने.
"फेब्रुवारीत?"
तिने एक हात लावला. दार उघडलं.

मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर आत काहीच नव्हतं. म्हणजे साफ करण्यासारखं काही नव्हतं. चादर अर्धी खाली आलेली, तेवढीच. फडकं घडी करून खिडकीत, झाडू कोपऱ्यात, औषधं ओळीने. सगळ्या घरात हीच एक खोली स्वच्छ. तीन आठवड्यांची पातळ धूळ होती, ती ताईने चार मिनिटांत पुसली. माझा पाच मिनिटांचा टायमर तेवढ्यात वाजलाही नसता.

मी म्हटलं, बघ, म्हणजे उद्या आणायला हरकत नाही. ताई पलंगावर बसली. म्हणाली, "आई माझ्याकडे येतेय. तिनेच सांगितलं, चार दिवस झाले."
"धुळीमुळे?"
"नाही."
मग म्हणाली, "तिला परत उबळ आली तर तुझं काय होईल, याची तिला भीती वाटते. म्हणाली, त्या दिवशी तो फार घाबरला होता."

मी म्हणणार होतो, की घाबरलो असतो तर ॲम्ब्युलन्स कोणी बोलावली असती. ताई माझ्याकडे पाहतही नव्हती, चादर नीट करत होती. म्हणाली, "काकूंनी सांगितलंय मला. फोन त्यांनी केला. तू रद्दीवर बसला होतास, कानांवर हात ठेवून. आईलाही दिसत होतास."

सहा तारखेच्या नोंदीतलं ते वाक्य खोडलं. खाली सही केली, तारीख घातली. कार्यालयीन पद्धत.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी ताईकडे जाऊन आईला भेटलो. आई खुर्चीत, पाठीशी उशी. सपाट.

बोलता बोलता तिला खोकला आला. मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. तिने हात पुढे केला, तो धरला. उबळ दीड मिनिटात गेली. ती म्हणाली, "झालं. बघ." मला घाम फुटला होता, तो तिनेच पदराने पुसला. आजारी कोण आहे, असं ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

निघताना आई म्हणाली, मी आले नाही म्हणून तुला उगीच वाईट वाटायला नको, घर तर तू आवरलं आहेसच. मी हो म्हटलं.

घरी आलो. पॅसेजमध्ये आडवा होऊन शिरलो, सवयीने चप्पल काढली, चार पावलं चाललो. तळपाय पाहिले, काळे झाले होते. परत जाऊन चप्पल घातली.