दारात बंद पडणारी गाडी

आबा, काल तुमच्या गाडीची परीक्षा झाली आणि ती नापास झाली. परीक्षा घेणारी माझी नात, म्हणजे तुमची पणती. कॉलेजात जाते. जुन्या गाड्यांचं तिला भलतंच वेड. मोबाईलवर फोटो टाकते आणि कुठली गाडी कूल, कुठली नाही, ते दहापैकी मार्क देऊन ठरवते. कूल म्हणजे काय गं, असं मी विचारलं तर म्हणाली, "आजी, तुझ्या भाषेत लय भारी." मला इतका आनंद झाला की पोळ्या तव्यावर तशाच टाकून मी ट्रंकेतून आपला तो एकुलता एक फोटो काढून आणला. लोणावळ्याच्या बंगल्यापुढं शेटची अमेरिकन गाडी उभी आहे, मागं माशासारखे दोन पर, पुढं कवळीसारखी चकचकीत जाळी, आणि तुम्ही दाराला हात लावून उभे. ड्रायव्हरची टोपी सरळ, तोंड गंभीर. मागच्या काचेत नीट बघितलं तर माझी वेणी दिसते. पोळी करपली ती करपलीच, पण पोरगी म्हणाली, "आजी, दिसायला दहापैकी दहा." मला वाटलं, आता ही राहते. कारण सगळं मी त्यासाठीच मांडलं होतं. ती आणि तिचा बाप मुंबईहून यायचे म्हणून सकाळीच दोन गोधड्या उन्हात टाकल्या होत्या, रात्रीसाठी इंद्रायणी तांदूळ निवडून ठेवला होता. मालक, म्हणजे तुमचे जावई, गेल्यापासून सुदुंबऱ्याच्या या घरात माझ्याशिवाय कोणी झोपलेलं नाही. पोरगा येतो, नाही असं नाही. उर्शाचा टोल सोडला की फोन करतो, मी भात टाकते, तो जेवतो, घड्याळ बघतो आणि अंधाराआधी निघतो.

तर गाडीचं सांगत होते. पेट्रोल महागलं तेव्हा शेटनी तिचं मूळचं इंजिन काढून ट्रकचं डिझेल इंजिन बसवून घेतलं, एवढं मी सांगितलं आणि पोरगी उडालीच. "म्हणजे नटलेली नवरी आणि गळा पिठाच्या गिरणीचा?" मी तोंडाला पदर लावून हसले. खोटं कुठं होतं? तुम्ही खंडाळ्याला असायचात आणि बंगल्याच्या माळ्याला कळायचं, गाडी आली, फाटक उघडा. मग तिनं विचारलं, बसायला कशी? म्हटलं, मागची सीट आपल्या पलंगापेक्षा मोठी. आणि भरवशाची? तिथं मी अडकले. घाटात ती किती वेळा बसली असेल सांगा. शेट मागं रुमालानं वारा घेत बसलेत, तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घातलंय, आणि मी कठड्यावर पाना धरून बसलेय. डिझेलच्या गाडीचं असं असतं ना, की पाईपात हवा शिरली की ती चालू व्हायचं नाव घेत नाही. तुम्ही म्हणायचात, "एअर घेतली हिनं." मग एक नट सैल करायचा आणि बारका पंप दाबत राहायचं. तुम्ही मला दाखवायचात, "हे बघ, आधी फेस येतोय. फेस सरला, नुसतं डिझेल आलं, की आवळ." चहाला उकळी येईपर्यंतचं काम. पोरगीनं सगळं ऐकलं आणि निकाल दिला, "भरवसा शून्य. एकूण चार. सॉरी आजी, रस्त्यात थांबणारी गाडी कूल नसते."

मला राग आला, आबा. चार काय? म्हणून जे कोणालाच कधी सांगितलं नव्हतं, मालकांनासुद्धा नाही, ते मी तिला सांगून बसले.

माझं लग्न झालं तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात आपण दोघंच होतो, मग तुम्ही एकटे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत. माझ्या सासूबाई रीतीच्या पक्क्या आणि तुम्ही त्यांच्याहून पक्के. शेटनी सांगितलं होतं, आठवड्यातनं एकदा गाडी फिरवून आण, नाहीतर बॅटरी बसेल. तुम्ही फिरवून आणायचात ती थेट सुदुंबऱ्याला. ओसरीच्या कडेला टेकायचात, टोपी मांडीवर. सासूबाई समोर. "बरी हाईस न्हवं?" "व्हय." झालं आपलं बोलणं. तांब्या भरलेला तसाच, आणि तुम्ही उठायचात.

एकदा उठलात, गाडीत बसलात आणि ती चालूच होईना. पोरं जमली, गल्लीनं ढकलली, तरी नाही. दिवेलागण झाली. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "आता कुटं जाता पाव्हणं? बंद पडल्याली गाडी काय रीत बघती व्हय? दोन घास खा." तुम्ही जेवलात. माझ्या हातचं, लग्नानंतर पहिल्यांदा. पण घरात झोपायला नको म्हणालात, गाडीतच पडतो. मी वाकळ घेऊन आले आणि पुढच्या सीटवर बसले, तुम्ही मागं आडवे, आणि आपण बोलतोय, बोलतोय. माळ्याच्या बायकोचं, कुत्र्याचं, आईनं लावलेल्या लिंबाला फुलं आली त्याचं. सकाळी तुम्ही बॉनेट उघडलं आणि चहा व्हायच्या आत गाडीनं सगळं गाव उठवलं.

मग ती दर खेपेला बंद पडू लागली. सासूबाईंचा टोमणा अजून कानात आहे. "पाव्हणं, तुमची गाडी वडगावात पडत न्हाई, तळेगावात पडत न्हाई. आमच्याच दारात बरी बसकण मारती." तुम्ही जमिनीकडं बघत, "म्हातारी झालीय वो. दार बघून बसती." आणि माझा लेक जन्मला, तुम्हाला घरात जेवायची मोकळीक झाली, त्यानंतर ती दारात एकदाही बंद पडली नाही. सासूबाई म्हणाल्या, "नातवाचा पायगुण."

पोरगीनं फोटो पुन्हा जवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "पणजोबा नट सैल करायचे?" मी म्हटलं, मी काही बघितलं नाही बाई. पण पाना तुमच्या खिशात असायचा, तेवढा मला दिसायचा.

तोवर माझ्या लेकानं काय केलं होतं, तर ओसरीतल्या प्लगात वायर लावून खिडकीतून गाडीला जोडली होती. त्याची गाडी बॅटरीची आहे, आबा. डिझेल नाही, पाईप नाही, आवाज तर नाहीच. दारात येऊन उभी राहिली तरी मला कळत नाही. म्हणाला, "आई, थोडं चार्जिंग झालं की निघतो, परत ट्रॅफिक लागेल." मी चहा ठेवायला आत गेले. दारामागं मेन स्विच आहे. हात वर गेला आणि मी तो खाली ओढला.

पंखा थांबला. "लाईट गेली का गं आई?" "गेली बाबा. हितं काय, गेली की गेली. सकाळी येती का बघायचं. राहा की आजची रात." माझं बोलणं संपतंय तोवर समोरची विजेवरची पिठाची गिरणी भरात आली. कुणाचं तरी दळण पडलं असेल. एवढा आवाज, की माझं बोलणं माझं मलाच ऐकू येईना. लेकाचं लक्ष मोबाईलात. "हरकत नाही," तो म्हणाला, "तळेगावात चार्जिंग आहे, तिथपर्यंत आरामात जाईल. लाईट आली की तेवढा फोन कर मला." पोरगी मात्र एकदा गिरणीकडं बघत होती, एकदा माझ्याकडं.

गाडीत बसली आणि परत उतरून फाटकातून पळत आली. माझ्या कानाला लागून म्हणाली, "पणजोबांच्या गाडीला दहापैकी दहा. तुला सहा. गिरणी विसरलीस." मी इतकी हसले की डोळे पुसेपर्यंत गाडी वळणापार गेली होती. जातानाचा आवाजसुद्धा नाही, आबा. तुमची गाडी इंदुरीच्या पुलापर्यंत ऐकू यायची. मी न्हाणीत उभी राहून ऐकायचे.

गोधड्या घडी करून ठेवल्यात. मला पान्याचं ठाऊक होतं हे तुम्हाला कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही लाजून यायचेच थांबला असता. हा कागद आता त्याच गोधडीत सारते, दुसरीकडं कुठं धाडणार. गिरणी आजच्यापुरती बंद झाली, उजेडही सरत आलाय. लाईट आली की फोन कर म्हणाला होता लेक; फोन गेला नाही तर बघायला तरी येईल. कालपासून मी स्विच वर केलेला नाही.