हाताने मोजलेली नाडी

मेट्रनबाई,

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, तुमच्या हाताखाली मी नर्स झाले त्याच कोल्हापुरातल्या इस्पितळात, माझी नाडी कुणाला बघता आली नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीची तपासणी होती. ड्यूटीवरच्या पोरीने बोटाला मशीनचा चिमटा लावला. भाचीच्या लग्नातली मेंदी नखांवर गडद होती, त्यामुळे असेल, पडद्यावर आकडाच येईना. तिने दुसरं मशीन आणलं, तेही गप्प. आणखी दोघी आल्या. तिघी पडद्याकडे बघत उभ्या, आणि मी खाटेवरून त्यांच्याशी बोलतेय. म्हटलं, "अगं, बोलतेय म्हणजे जिवंत असणार. मनगट धर की." ती म्हणाली, "आजी, हातानं मोजल्यालं सिस्टीम घेतच न्हाय."

मला आपल्या इस्पितळाचं स्वयंपाकघर आठवलं. पहिल्या वर्षी तुम्ही आम्हाला रोज सकाळी तिथे नेत होतात. राधानगरीकडचा आचारी भाकरी थापायला बसायचा. त्याआधी त्याची नाडी बघायची आणि थापून झाल्यावर पुन्हा. तो वैतागायचा, "पोरींनो, हात हाय माझा, नळ न्हाय. सोडा, तवा तापलाय." तुम्ही हसत नाही. आधी चुलीजवळ तळवे शेकायला लावता, गार हात आजाऱ्याला लावायचा नाही म्हणून. मी ऐटीत इंग्रजीतून आकडा सांगते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "कॉन्व्हेंटवाल्या बाई, आकडा नंतर. नाडी चाललीय कशी, ते सांगा." तो अपमान मला नोकरीभर पुरला.

त्या पोरीला मी झाडलंच. "काय शिकवतात गं तुम्हाला?" ती हळू आवाजात म्हणाली, "पुतळ्यावर शिकवलंय. त्येची नाडी बटणावर चालती. वार्डात परीक्षेपुरतं सोडत्यात." मग माझी उशी सारखी करत म्हणाली, "लाईट गेली की मला पण भ्या वाटतंय, आजी." कॉलेजने तिला शिकवलं नाही, इस्पितळाला ते नकोच आहे, आणि मी आवाज चढवला तो तिच्यावर.

मनगट तिच्यापुढे केलं. नेमकी जागा दाखवायला माझी बोटं टेकवली, तर मलाच काही लागेना. साखरेने बोटं बधिर झालीत, बाई. घरात कुणाला हे सांगितलेलं नाही. आम्ही दोघी एकाच मनगटावर चाचपडत बसलो. शेवटी कुणीतरी चिमटा कानाच्या पाळीला लावला, आकडा आला, आणि तिघींचे चेहरे खुलले. माझा हात तसाच चादरीवर उघडा पडला होता.

सोमवारी सकाळी आठला मला आत नेणार आहेत. गुंगीत मी बोलत नसेन, आणि बाहेर आणल्यावर उशाशी तीच पोर असेल. तेव्हा पडदा गप्प झाला, तर मनगट कोण धरणार? तुम्ही देवाघरी गेलात, तिथला पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र उशीखाली ठेवतेय. ही सबब तुम्ही सांगायची नाही. रविवारी संध्याकाळच्या आत उत्तर हवं, आणि तेही लेखी. मला भीती वाटते.